पूर्वजांचा मागोवा

सह्याद्रीच्या पायथ्याशी, बोरघाटाच्या तोंडावर, रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे दोन तालुके वसले आहेत. कोकणातून देशावर चढणारी वाट शतकानुशतके याच मुलुखातून जात आली आहे. १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेची कोंडी केली, ती येथेच. सरनौबत नेताजी पालकरांचे नाव चौक या गावाशी जोडले जाते. खोपोलीचा विस्तीर्ण तलाव नाना फडणविसांनी बांधविला. १८५६ साली खोपोलीपर्यंत लोहमार्ग पोहोचला आणि १८६३ साली कर्जतहून निघालेली आगगाडी बोरघाट चढून गेली.

या वाटेने सैन्ये गेली, व्यापाऱ्यांचे तांडे गेले, दक्षिणेसाठी हिंडणारे भिक्षुक गेले, पोटासाठी मुंबईचा रस्ता धरणारे तरुण गेले. त्यांतील काही माणसे वाटेवरच स्थिरावली आणि त्यांची घराणी झाली. आज अशा एखाद्या घराण्यातील मुलाला आजोबांचे नाव विचारले, तर तो ते चटकन सांगेल. पणजोबांचे नाव सांगताना तो क्षणभर थांबेल. त्यांच्याही वडिलांचे नाव विचारले, तर बहुधा तो निरुत्तर होईल. लढाई जिंकणाऱ्या सेनापतीचे नाव इतिहासात राहते. परंतु त्याच्या घोड्याला दाणावैरण देणाऱ्याचे नाव चार पिढ्यांत पुसले जाते. ही पुसलेली नावे पुन्हा कशी सापडावीत?

हा प्रश्न केवळ आपल्यालाच पडतो असे नाही. एकोणिसाव्या शतकात होऊन गेलेल्या आपल्या पूर्वजाचा शोध घेणे, हा अमेरिकेतील असंख्य कुटुंबांचा मोठ्या आवडीचा उद्योग आहे. त्या देशात १७९० पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होत आली. आरंभी तिच्यात कुटुंबप्रमुखाचेच नाव लिहीत. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव, वय व जन्मस्थान नोंदले जाऊ लागले. गुलामगिरीत पिचत असलेल्या माणसांची मात्र नावे न लिहिता केवळ संख्या व वये लिहीत. म्हणून त्यांच्या वंशजांना १८७० च्या मागे जाणे अतिशय कठीण पडते. चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वह्या, जहाजांतून उतरलेल्या प्रवाशांच्या याद्या, यादवी युद्धातील शिपायांच्या निवृत्तिवेतनाचे कागद यांवरून तेथील लोक आपल्या पणजोबांचा माग काढतात. १९२१ साली वॉशिंग्टन येथे आग लागली आणि १८९० च्या शिरगणतीचे बहुतेक कागद तिच्यामुळे नष्ट झाले. त्या एका आगीने लक्षावधी कुटुंबांच्या इतिहासातील एक दुवा कायमचा निखळला.

महाराष्ट्रात अशी आग लागण्याची वाटही पाहावी लागत नव्हती. येथे वाळवी होती, पावसाळ्यात गळणारी छपरे होती आणि सर्वांहून घातक अशी माणसांची बेपर्वाई होती. माळ्यावर पडलेल्या जुन्या रुमालांत आपल्या पूर्वजांचे प्राण गुंतलेले आहेत, हे ज्यांनी ओळखले आणि ते वाचविण्यासाठी आपले सारे आयुष्य वेचले, त्या थोर पुरुषाचे नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. महाराष्ट्र त्यांना इतिहासाचार्य म्हणून ओळखतो.

राजवाडे यांचा जन्म १८६३ साली वरसई येथे झाला. वरसई हे पेण तालुक्यातील बाळगंगा नदीच्या काठचे गाव असून खालापूर तालुक्याची हद्द तेथून दूर नाही. राजवाडे अगदी लहान असतानाच त्यांचे वडील वारले. पुढे पुणे जिल्ह्यातील वडगाव येथे आप्तांच्या आधाराने त्यांचे बालपण गेले. वरसई कोकणात आणि वडगाव घाटमाथ्यावर. या दोन गावांच्या मध्ये खालापूरचे खोरे आणि बोरघाटाची चढण आहे. पितृछत्र हरपलेल्या मुलाला घराण्याच्या गोष्टी वडिलांच्या तोंडून ऐकावयास मिळत नाहीत. ज्याला त्या मिळाल्या नाहीत, त्यानेच पुढे साऱ्या महाराष्ट्राला त्याच्या वाडवडिलांची ओळख करून दिली.

पुण्यात राहून, अनेक अडचणींना तोंड देत, त्यांनी आपले शिक्षण पुरे केले. पदवी मिळविल्यावर काही काळ त्यांनी शिक्षकाचे काम केले. नोकरीत त्यांचे मन रमले नाही. परदेशातील उत्तम ग्रंथ मराठीत यावेत, या हेतूने त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक चालविले आणि प्लेटोच्या प्रसिद्ध ‘रिपब्लिक’ ग्रंथाचा मराठी अनुवाद केला. इंग्रजी त्यांना उत्तम येत असे. तथापि आपले संशोधन मराठीतूनच लिहावयाचे, हा त्यांचा निश्चय होता. ज्यांच्या पूर्वजांचा इतिहास लिहावयाचा, त्यांना तो वाचता आला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. ऐन तारुण्यात त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्यानंतर त्यांनी पुन्हा संसार थाटला नाही.

याच सुमारास वाई येथे एका जुन्या घराण्याच्या वाड्यात पेशवेकालीन पत्रांचा संग्रह त्यांच्या हाती आला. १७५० ते १७६१ या काळातील ती पत्रे होती. पानिपतच्या लढाईसंबंधी तोवर लोकांना जी माहिती होती, ती मुख्यतः बखरींतून आणि ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासातून आलेली होती. बखरी बहुधा घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी लिहिल्या जात. त्यांत ऐकीव गोष्टींची भर पडे. ही पत्रे मात्र ज्या दिवशी गोष्टी घडल्या, त्याच दिवसांत लिहिलेली होती. सदाशिवरावभाऊंना पैशाची पडलेली टंचाई, रसदेची काळजी, यमुनेला आलेला पूर, हे सारे त्यांत ताजे होते. राजवाडे यांनी ती पत्रे वाचली, लावली आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड म्हणून प्रसिद्ध केली. त्यास त्यांनी विस्तृत प्रस्तावना जोडली. या मालेचे एकूण २२ खंड निघाले.

यानंतर राजवाडे यांचे जीवन म्हणजे एक अखंड प्रवास झाला. कोणत्या गावी कोणाच्या घरी जुने दप्तर आहे, असे कानांवर आले की ते निघाले. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करावा, मिळेल तेथे मुक्काम करावा, अशी त्यांची राहणी होती. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी, मठपती, सावकार अशा नाना प्रकारच्या लोकांच्या घरांतील माळे त्यांनी धुंडाळले.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. पहिली अडचण होती ती लोकांच्या मनातील भीतीची. इंग्रजी अमलात इनाम कमिशनने १८५२ नंतर सनदा तपासल्या आणि पुष्कळांची इनामे खालसा झाली. तेव्हापासून जुना कागद परक्याच्या हाती देणे धोक्याचे वाटू लागले. घरातील कागद पाहू द्या, असे म्हणणाऱ्या अनोळखी माणसाकडे लोक संशयाने पाहत. काही ठिकाणी उंबरठ्यावरूनच परतावे लागे. काही ठिकाणी महिनोन् महिने मनधरणी करावी लागे. कोठे कागद मिळत, परंतु तोवर वाळवीने त्यांची चाळण केलेली असे.

दुसरी अडचण होती ती वाचनाची. हे कागद मोडी लिपीत असत. मोडीत लेखणी न उचलता अक्षरे वळवीत जातात. शब्दांमध्ये जागा सोडीत नाहीत. त्यातून पत्रावर तिथी असली तरी पुष्कळदा वर्ष नसे. ‘छ’ हे अक्षर लिहून पुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे त्या महिन्याचा कितवा दिवस, तेवढा दिलेला असे. मुसलमानी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. त्यामुळे त्याचे महिने ऋतूंतून मागे सरकत जातात. पत्रातील चंद्र, हिंदू तिथी व वार यांचा मेळ कोणत्या वर्षी बसतो, हे गणिताने काढले की पत्राचे वर्ष हाती येते. अशा रीतीने एकेका पत्राला त्याच्या योग्य जागी बसविण्याचे काम राजवाडे यांनी वर्षानुवर्षे केले.

घराण्यांच्या इतिहासासाठी उपयोगी पडणारे कागद किती प्रकारचे असतात, हेही या शोधातून स्पष्ट झाले. राजाने दिलेली सनद असते. वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे गावच्या गोतसभेने केलेल्या निवाड्याचा महजर असतो. त्याच तंट्यात वादी आणि प्रतिवादी आपापल्या घराण्याची हकीकत लिहून देत. तिला करीना म्हणत. मूळ पुरुष कोण, तो कोठून आला, त्याला किती पुत्र झाले, कोण दुष्काळात परागंदा झाला, हे सारे त्या करीन्यात येते. याखेरीज नाशिक, त्र्यंबकेश्वर यांसारख्या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. यात्रेस आलेल्या माणसाचे नाव, गाव व त्याच्या भाऊबंदांची नावे उपाध्याय लिहून ठेवीत. ज्या कुटुंबाजवळ स्वतःचा एकही कागद उरलेला नाही, त्याला आपल्या पणजोबांची सही कधी कधी अशा वहीत भेटते.

तथापि कागद जुना आहे म्हणून तो खरा, असे मानून चालत नाही. वतन मिळविण्यासाठी लिहिलेल्या करीन्यात आपले घराणे जितके जुने दाखविता येईल तितके दाखविण्याचा मोह असतो. थोर पुरुषाशी नाते जोडणाऱ्या वंशावळीही अशाच तयार होतात. म्हणून एक कागद दुसऱ्याशी ताडून पाहिला पाहिजे. समकालीन पत्राला नंतरच्या हकीकतीहून अधिक मोल दिले पाहिजे. पूर्वजांविषयी आदर असावा, परंतु तो सत्यापेक्षा मोठा होऊ नये, हा धडा या शोधकार्यातून महाराष्ट्राला मिळाला.

या कसोटीला स्वतः राजवाडे सर्वत्र उतरले, असे मात्र म्हणता येत नाही. मराठवाड्यातील पाटांगण येथे त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती अतिशय प्राचीन आहे, असे त्यांचे मत झाले आणि १९०९ साली त्यांनी तिची आवृत्ती प्रसिद्ध केली. पुढे अनेक विद्वानांनी तिच्या प्राचीनत्वाविषयी शंका घेतल्या. शंकेचे निरसन मूळ पोथी पाहूनच झाले असते. परंतु ती पोथी पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. ज्यांनी सहस्रावधी कागद वाचविले, त्यांच्याच हातून गेलेल्या या एका पोथीची खंत अभ्यासकांना अजून वाटते. कागद एकाने वाचून भागत नाही. दुसऱ्याला तो पुन्हा पाहता आला पाहिजे, हे या गोष्टीवरून दिसून येते.

कागद सुरक्षित राहावेत आणि ते सर्वांना पाहता यावेत, यासाठी संस्था हवी हे राजवाडे यांनी जाणले होते. सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने ७ जुलै १९१० रोजी त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. ज्या कुटुंबांना आपली दप्तरे सांभाळता येत नव्हती, त्यांना ती ठेवण्यास एक विश्वासाची जागा मिळाली.

राजवाडे यांचा जिज्ञासेचा विषय केवळ राजांच्या लढाया हा नव्हता. १९२२ साली त्यांनी जयराम पिंड्ये या कवीचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य संपादून प्रसिद्ध केले आणि शहाजीराजांच्या चरित्रावर नवा प्रकाश पाडला. १९२४ साली त्यांनी ‘महिकावतीची बखर’ प्रकाशित केली. उत्तर कोकणात निरनिराळ्या कुळांचे लोक कसे येऊन वसले, याचा विचार तिच्या प्रस्तावनेत आहे. गावांची नावे, माणसांची नावे, आडनावे, धातू, शब्दांच्या व्युत्पत्ती या सर्वांचा त्यांनी अभ्यास केला. एखाद्या गावाचे नाव म्हणजेही त्या गावाच्या पूर्वजांनी मागे ठेवलेला एक कागदच आहे, अशा दृष्टीने ते त्याकडे पाहत.

त्यांचा स्वभाव तापट होता. मतभेद झाला म्हणजे ते माघार घेत नसत. आपण स्थापिलेल्या मंडळापासूनही ते पुढे दूर झाले आणि त्यांनी धुळ्याचा आश्रय केला. पैसा व मानमरातब यांची त्यांनी कधी पर्वा केली नाही. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यापाशी धनदौलत नव्हती. मागे राहिले ते जुन्या कागदांचे रुमाल आणि स्वहस्ते केलेली टिपणे. धुळेकरांनी १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ स्थापून तो ठेवा सांभाळला.

राजवाडे यांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी पुन्हा वरसईकडे वळू. त्याच गावचे विष्णुभट गोडसे नावाचे एक भिक्षुक १८५७ साली आपल्या चुलत्याबरोबर उत्तर हिंदुस्थानात गेले. घरावर कर्ज होते; यज्ञाच्या दक्षिणेतून ते फेडावे, एवढाच त्यांचा हेतू होता. वाटेत त्यांना उठावाने गाठले. झाशीचा वेढा आणि त्यानंतरची लूट त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. मिळविलेले द्रव्य गेले. कर्ज फेडण्यासाठी निघालेला माणूस हाती फारसे काही न घेता परत आला. आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड मात्र त्यांनी खांद्यावरून घरी आणली. पुढे चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी ही हकीकत लिहिली. लेखकाच्या पश्चात १९०७ साली वैद्यांनी ती ‘माझा प्रवास’ या नावाने छापली, तेव्हा काळाकडे पाहून त्यांनी तीत फेरफार केले होते. मूळ मोडी हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित राहिले, म्हणून दत्तो वामन पोतदार यांना १९६६ साली ती हकीकत जशीच्या तशी प्रसिद्ध करता आली. वरसईच्या एका पुत्राने लिहिलेले शब्द वरसईच्याच दुसऱ्या पुत्राने उभारलेल्या संस्थेत टिकून राहिले.

विष्णुभट राजा नव्हते, सेनापतीही नव्हते. अशी माणसे कर्जत व खालापूरच्या गावागावांत होऊन गेली आहेत. त्यांचा शोध आजही घेता येतो. घरातील वृद्धांना नावे विचारावीत आणि ती तारखेसह लिहून ठेवावीत. शाळेच्या जुन्या हजेरीपटात, जमिनीच्या फेरफारांत, कुलदैवताच्या गावी व तीर्थक्षेत्रीच्या वह्यांत त्यांचा माग काढावा. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता आणि कुलाबा जिल्ह्याचे रायगड हे नामकरण १९८१ साली झाले, हे ध्यानात ठेवले म्हणजे कोणता कागद कोठे शोधावा, हेही कळते. ज्यांच्याजवळ जमीन नव्हती, त्यांची नावे अशा कागदांत क्वचितच येतात; त्यांच्यासाठी वृद्धांची स्मृती हेच दप्तर होय, आणि ते दप्तर सर्वांआधी लिहून घेतले पाहिजे.

माळ्यावरची जुनी पेटी रद्दीत देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी. राजवाडे यांना त्याहून अधिक आवडेल असे दुसरे स्मारक नाही.

अभ्यास

१. अमेरिकेतील कुटुंबे आपल्या पूर्वजांचा शोध कोणत्या कागदांवरून घेतात? आपल्याकडे त्यासाठी कोणते कागद उपयोगी पडतात?
२. पत्रावर वर्ष लिहिलेले नसताना ते कसे काढता येते, हे आपल्या शब्दांत सांगा.
३. जुने कागद मिळविताना राजवाडे यांना कोणत्या अडचणी आल्या?
४. जुना कागद नेहमीच खरा मानता येत नाही, असे लेखक का म्हणतो?
५. घरातील वडील माणसांना विचारून आपल्या कुटुंबाची चार पिढ्यांची वंशावळ तयार करा. आई, आजी व पणजी यांची माहेरची नावेही तिच्यात लिहा.